बहिष्काराची अट कागदात दडून येते: आयात-निर्यात करणाऱ्यांनो, या चुका टाळा

जळगाव एमआयडीसीतल्या एका ठिबक-फिटिंगच्या कारखान्यात मी निर्यातीचे कागद तपासायला बसलो होतो. माल पॅक झालेला, कंटेनर रात्री न्हावाशेवा बंदराकडे निघायचा. खरेदीदार अमेरिकेतला, पण माल थेट कुवेतच्या साइटवर उतरणार होता. कुवेतच्या ग्राहकाने शिपमेंटच्या सूचनांचं एक पान परस्पर कारखान्याला मेल केलं होतं. त्यातली सातवी ओळ ऑफिसातल्या पोराने जशीच्या तशी उचलून लेटरहेडवर टाकली होती, खाली शिक्का आणि सही: ‘सदर माल इस्रायली मूळचा नाही व त्यात कोणताही इस्रायली भाग वापरलेला नाही.’

“हे कोणी मागितलं?” मी विचारलं.

“काका, त्यांच्या यादीत आहे ना. नाही दिलं तर पेमेंट अडकवतील.”

पेमेंट अडकलं ते दिल्यामुळे. स्कॅन दुपारीच सगळ्यांना गेला होता. दुसऱ्या दिवशी अमेरिकेतून निरोप आला की हा कागद असलेला संच आम्ही हातात घेऊ शकत नाही. त्या पोराला मी रागावलो नाही. खरेदीदार मागेल तो कागद देऊन टाकायचा, हे त्याला आपणच शिकवलेलं असतं.

मागितलं म्हणून लिहून देणं

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक हीच, म्हणून तिच्यावर जरा थांबतो. अरब लीग, म्हणजे अरब देशांची संघटना, इस्रायलशी व्यापार करू नका म्हणते; या बहिष्काराची मुळं १९४५ सालापर्यंत जातात. अमेरिकेने १९७७ मध्ये कायद्याने आपल्या कंपन्यांना या परक्या बहिष्काराला हातभार लावायला मनाई केली आणि २०१८ च्या कायद्याने ती मनाई पुन्हा पक्की केली. अंमलबजावणी तिथल्या वाणिज्य खात्याच्या बीआयएस या विभागाकडे आहे. ‘माल इस्रायली नाही’ असं नकारार्थी प्रमाणपत्र देणं, इस्रायलशी आपले धंद्याचे संबंध आहेत की नाहीत ही माहिती पुरवणं, बहिष्कार घालणाऱ्यांच्या काळ्या यादीतल्या कंपनीशी व्यवहार नसल्याची हमी देणं, हे सगळं या मनाईत येतं. अशी मागणी नुसती आली, तरी बहुतेक वेळा ती सरकारला कळवावी लागते. मागणी अमेरिकेत आली असेल तर तिमाही संपल्यानंतरच्या पहिल्या महिन्याअखेर, अमेरिकेबाहेर आली असेल तर दुसऱ्या महिन्याअखेर. म्हणजे ऑगस्टमध्ये मेल आला, तर मुदत ३१ ऑक्टोबर किंवा ३० नोव्हेंबर. कागद पाच वर्षं जपून ठेवावे लागतात.

हा कायदा तुमच्यावर आहे का? कारखाना पूर्णपणे भारतीय मालकीचा असेल, तर थेट नाही. भारतात असा बहिष्कारविरोधी कायदा नाही. पण अमेरिकन कंपनीच्या ताब्यातली इथली उपकंपनी त्या कायद्याच्या कक्षेत येऊ शकते, आणि अमेरिकन खरेदीदार तर येतोच. तो आपली जबाबदारी करारातल्या एका कलमाने तुमच्या गळ्यात बांधतो. ते कलम सहसा शेवटच्या पानांवर, न्यायक्षेत्राच्या आसपास असतं आणि आपल्याकडे ते कोणी वाचत नाही.

दुसरी गोष्ट आपल्या भागात फार खरी आहे. जळगावच्या ठिबकचं इस्रायलशी तंत्रज्ञानाचं नातं जुनं आहे. ड्रिपर, फिल्टर, व्हॉल्व्ह यांतला एखादा भाग तिथून आलेला असू शकतो. स्टोअरचं रजिस्टर न बघता ‘एकही इस्रायली भाग नाही’ असं लिहून दिलंत, तर ते प्रमाणपत्र खोटंही ठरू शकतं. मग अमेरिकेचा कायदा बाजूला राहिला, कुवेतचा ग्राहकच तुम्हाला धरेल.

तोड सोपी आहे. नकारार्थी वाक्याऐवजी होकारार्थी लिहा: ‘माल भारतीय मूळचा असून भारतात उत्पादित आहे.’ असं प्रमाणपत्र अमेरिकेच्या नियमांनाही चालतं. जहाजाबाबतही तसंच. ‘जहाज काळ्या यादीत नाही’ हे तुम्ही लिहून देऊ नका. ‘जहाज त्या बंदरात प्रवेशास पात्र आहे’ असं पत्र जहाजाचा मालक, कप्तान किंवा जहाज भाड्याने घेणारा देऊ शकतो.

एलसी पहिल्या पानावरच वाचून थांबणं

रावेर-सावद्याकडचे केळीवाले एलसी, म्हणजे खरेदीदाराच्या बँकेचं पैशाचं हमीपत्र, आली की रक्कम, मालाचं वर्णन आणि शेवटची शिपमेंट तारीख बघतात. केळीला थांबायला वेळ नसतो, हे मान्य. पण बहिष्काराची ओळ असते एलसीच्या ४६ए रकान्यात, म्हणजे लागणाऱ्या कागदांच्या यादीत, नाहीतर ४७ए मधल्या जादा अटींत. हे दोन्ही रकाने घड कापायच्या आधी वाचा. अट खटकली तर लगेच दुरुस्ती मागा. एलसीच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार दुरुस्ती अर्धी स्वीकारता येत नाही, एक तर सगळी घ्यायची किंवा सगळी नाकारायची. कंटेनर भरल्यावर दुरुस्ती मागणाऱ्याच्या हातात काहीच उरत नाही. १३-१४ अंशांवरचा रीफर, म्हणजे थंड कंटेनर, बंदरात उभा असतो आणि पलीकडचा माणूस घाई करत नाही.

एकाच यादीवर विसंबणं

अमेरिकेचं अर्थखातं बहिष्काराशी संबंधित देशांची यादी दर तिमाहीला छापतं. इराक, कुवेत, लेबनॉन, लिबिया, कतार, सौदी अरेबिया, सीरिया आणि येमेन हे देश तीत वर्षानुवर्षं आहेत. यूएईने २०२० मध्ये आपला बहिष्काराचा कायदा रद्द केला आणि एप्रिल २०२१ मध्ये त्याचं नाव यादीतून निघालं. तरी कुणाच्या कपाटात अजून जुना प्रिंट असतो, आणि कुणी ‘दुबई सुटली’ म्हणून दुबईचे कागद वाचायचंच सोडतो. दोन्ही चूक. यादीबाहेरच्या देशातूनही अशी अट येऊ शकते. मार्च २०२४ पासून बीआयएस अशा मागण्या करणाऱ्या संस्थांची नावंही जाहीर करतं. नवा ग्राहक आला की दोन्ही याद्या त्याच दिवशी उघडा आणि बघितल्याची तारीख फाइलवर टाका.

इराणचं प्रकरण वेगळं आहे. तिथे बहिष्काराचा नाही, अमेरिकेच्या निर्बंधांचा प्रश्न असतो. डॉलर आणि बँक कोणती, इथून तो सुरू होतो. एकाच सल्ल्यात दोन्ही गुंडाळणाऱ्याचं ऐकू नका.

माल ‘कुठून आला’ बघणं, ‘कुठला आहे’ न बघणं

२ मे २०२५ ला केंद्राच्या परकीय व्यापार महासंचालनालयाने (डीजीएफटी) परकीय व्यापार धोरणात परिच्छेद २.२०ए घातला. पाकिस्तानात तयार झालेल्या किंवा तिथून निर्यात झालेल्या सगळ्या मालाची थेट वा आडवाटेने आयात आणि वाहतूक तत्काळ बंद. ‘आडवाटेने’ हा शब्द व्यापाऱ्याने ठळक करून ठेवावा. पुढच्याच महिन्यात महसूल गुप्तचर संचालनालयाने दुबईमार्गे आलेले ३९ कंटेनर पकडले, सुमारे १,११५ टन माल, त्यात खारीक होती. कागदावर माल यूएईचा होता.

जळगाव-धुळ्याच्या बाजारात खारीक, खजूर आणि उपासाचं शेंदेलोण मुंबईच्या आयातदाराकडून येतं. आपला किराणा व्यापारी म्हणतो, “मी कुठे आयात करतो? मी तर मुंबईहून घेतो.” बरोबर आहे, पण चौकशी आली की माल तुमच्या गोदामात सापडतो. आयातदाराकडून बिल ऑफ एंट्रीची, म्हणजे कस्टम्सला दिलेल्या आयातीच्या कागदाची, प्रत आणि मूळ देशाचा उल्लेख मागा. खोक्यावरचं लेबल आणि बिल यांत देश वेगळा दिसला, तर माल उतरवायच्या आधी विचारा.

लोकांचा बहिष्कार आणि सरकारचा हुकूम एकच समजणं

त्याच मे महिन्यात पुण्याच्या बाजारात तुर्कस्तानची सफरचंदं घेणं व्यापाऱ्यांनी थांबवलं. तो त्यांचा निर्णय होता. तुर्की मालाच्या आयातीवर सरकारी बंदी आलेली नव्हती. तरीही इथल्या एका फळवाल्याने ‘बंदी आहे’ असं सांगून आधी ठरलेला सौदा मोडला आणि बयाणा परत द्यायला नकार दिला. मोबाइलवरचा फॉरवर्ड दाखवून करारातून सुटका होत नाही.

एकट्याने माल न घेणं हा तुमचा हक्क आहे. पण असोसिएशनने ठराव करून ‘अमुक व्यापाऱ्याशी कोणी व्यवहार करायचा नाही, केला तर दंड’ असं म्हटलं, तर स्पर्धा कायदा २००२ चं कलम ३ आड येतं. औषध विक्रेत्यांच्या संघटनांवर स्पर्धा आयोगाने अशा प्रकरणांत कारवाई केलेली आहे. जात पंचायतीच्या सांगण्यावरून एखाद्या कुटुंबाशी धंदा तोडणं तर त्याहून गंभीर. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा ३ जुलै २०१७ पासून लागू आहे आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही अशी आहे. दुकानाचा गल्ला सांभाळणाऱ्या माणसालाही हे माहीत असायला हवं.

अधिसूचना, सार्वजनिक सूचना, ट्रेड नोटीस यांत घोळ

डीजीएफटीच्या तीन कागदांचं वजन वेगवेगळं आहे. धोरण बदलते ती अधिसूचना. सार्वजनिक सूचना कार्यपद्धती सांगते. ट्रेड नोटीस खुलासा करते. बंदी आली असं ऐकलं की आधी अधिसूचनेचा क्रमांक मागा, मग राजपत्रात ती स्वतः उघडा. तीन ओळी शोधायच्या: लागू कधीपासून, कोणत्या मालाला, आणि वाटेतल्या मालाचं काय. ७ डिसेंबर २०२३ ची कांदा निर्यातबंदी आठवा. तो बहिष्कार नव्हता, पण ज्यांचा माल आदेशाआधी जहाजावर चढायला लागला होता त्यांना तीत सवलत होती, आणि साक्रीकडच्या काहींना ती आठवड्याने कळली. एरवी धोरणाच्या परिच्छेद १.०५ प्रमाणे बंदीआधीची अपरिवर्तनीय एलसी असेल तर सवलत मिळू शकते, पण १५ दिवसांत डीजीएफटीच्या प्रादेशिक कार्यालयात तिची नोंद करावी लागते. आदेशातच वेगळं लिहिलेलं असेल तर ही सवलतही नाही.

कागद गेलाच असेल तर

मेल पुसू नका. लपवण्याचा प्रयत्न मूळ चुकीपेक्षा महाग पडतो. त्याच दिवशी खरेदीदाराला लेखी कळवा: मागणी कोणाकडून, कोणत्या तारखेला, कोणत्या शब्दांत आली आणि आपण काय दिलं. तो अमेरिकन असेल तर त्याची मुदत चालू झालेली असते आणि ही माहिती त्याला लागतेच. जुनं प्रमाणपत्र मागे घेतल्याचं पत्र आणि नवं होकारार्थी प्रमाणपत्र एकाच मेलने पाठवा. मूळ मागणी करणाऱ्याला मात्र परस्पर उत्तर देत बसू नका.

एमआयडीसीतल्या त्या कारखान्यात आम्ही हेच केलं. खरेदीदाराने नवा संच घेतला, पैसे उशिरा आले पण पूर्ण आले. मालक आप्पांनी आता निर्यातीच्या रजिस्टरला एक रकाना वाढवलाय: ‘हा कागद कोणी मागितला?’ तो रकाना रिकामा असेल तर तो पोरगा शिक्का उचलत नाही.