जलदुर्गांचे फोटो काढायचेत? आधी पंचांग उघडा

"कॅमेरा कुठला घेऊ?" हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो, आणि तो बहुतेक वेळा आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षातली मुलंमुली विचारतात. जलदुर्गांच्या कामात कॅमेऱ्याचा नंबर चौथा लागतो. पहिली तिथी, दुसरा होडी चालवणारा तांडेल, तिसरा परवानगीचा कागद. या तिघांतलं एक जरी बिनसलं तरी लाखाची लेन्स पिशवीतच राहते आणि तुम्ही जेटीवर वडापाव खात बसता.

आधी हे काम कसलं ते सांगते. कॅलेंडरवर छापायचा सूर्यास्त आणि त्यापुढे काळा पडलेला जंजिरा, असले फोटो ढिगाने आहेत आणि त्याचे पैसे कुणी देत नाही. मी म्हणते आहे ते दस्तावेजीकरण. तटाची प्रत्येक बाजू सरळ, मापासकट, एकसारख्या उजेडात टिपायची. भेग कुठून सुरू होते, चिरा कुठे निखळलाय, पिंपळाने मूळ कुठे घातलंय हे संवर्धन करणाऱ्या वास्तुविशारदाला ऑफिसात बसून दिसलं पाहिजे. पाच वर्षांनी दुसऱ्या कुणी त्याच जागी उभं राहून तसाच फोटो काढला तर दोन्ही शेजारी ठेवून फरक कळला पाहिजे. फोटो सुंदर आला तर उत्तम, पण बिल त्या सौंदर्याचं लावता येत नाही.

आता तिथी. कोकणातले कोळी भरतीची वेळ बोटांवर काढतात : तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर तीन वाजता पूर्ण भरती, षष्ठीला साडेचार, अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बाराच्या सुमारास. तिथून साधारण सहा तासांनी ओहोटी. हा हिशेब मुंबई-अलिबागच्या पट्ट्यात बरोबर बसतो, दक्षिणेकडे जाल तसं पाणी थोडं लवकर भरतं. ॲपवर मिनिटांचा आकडा मिळतोच, तोही बघा. पण महिनाभराचं नियोजन डोक्यात करायला पाऊणपटीचा हिशेब जास्त कामाचा, कारण त्यात उजेड आणि पाणी एकत्र मांडता येतं.

म्हणजे कसं? पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहाच्या पुढेमागे येते. उधाणाचे दिवस असल्यामुळे पाणी खूप खाली जातं, अलिबागकडे मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीत चार मीटरच्या वर फरक पडतो. तटाचा पाया, खालचे खडक, एरवी पाण्यात असलेले थर हे सगळं नेमकं कोवळ्या उन्हात उघडं पडतं. पायाची नोंद करायची असेल तर हेच दिवस. उलट अष्टमीच्या सुमाराला भरती सकाळी-संध्याकाळी सहाला. भांगाची, म्हणजे कमी जोराची भरती, पाणी फार चढत नाही, पण तटाला टेकलेलं असतं आणि शांत असतं. किल्ला पाण्यातून वर आलेला दाखवायचा असेल तर त्या आठवड्यात जा. मालवणकडे भरती-ओहोटीतला फरक बराच कमी, त्यामुळे सिंधुदुर्गाचा पाया बघायला मिळेल या आशेवर फार राहू नका.

यात एक खोच आहे. केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत प्रवेश सूर्योदयानंतर. पहाटेची ओहोटी साधून अलिबागच्या कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जाल, पण आत जाता येईलच असं नाही. म्हणून तो वेळ बाहेरच्या तटासाठी ठेवायचा. तिथे बघण्यासारखं पुष्कळ आहे. कुलाब्याच्या तटाचे मोठमोठे चिरे चुना न भरता नुसते एकावर एक रचलेले आहेत. लाट आपटली की पाणी फटींत शिरतं आणि तिचा जोर आतच मरतो. फोटोत त्या फटी काळ्या ठिपक्यांसारख्या न दिसता खोल दिसायला हव्यात, त्यासाठी ऊन तिरकं असलं पाहिजे. आठच्या पुढे पाणी चढायला लागतं. तेव्हा वाळूतली वाट बंद होण्याआधी परत फिरायचं, नाहीतर होडीवाला मिळेपर्यंत किंवा पुढच्या ओहोटीपर्यंत मुक्काम गडावर.

परवानगीबद्दल लोक फार घाबरतात किंवा अजिबात घाबरत नाहीत. दोन्ही चूक. पहिलं काम, किल्ला कुणाच्या ताब्यात आहे ते शोधणं. २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांत सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग केंद्राच्या खात्याकडे आहेत, खांदेरी मात्र राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे. केंद्राचं मुंबई मंडळ सायनच्या किल्ल्यावर बसतं आणि राज्याचं संचालनालय सेंट जॉर्ज फोर्टमध्ये, म्हणजे किल्ल्याचा कागद मिळवायलाही किल्ल्यातच जायचं. खांदेरीवर १८६७ सालचं दीपगृह आहे, बेट बंदराच्या कारभारात येतं, त्यामुळे तिथे पुरातत्त्वाखेरीज बंदर आणि दीपगृह खात्याशीही बोलावं लागतं. हातात कॅमेरा घेऊन फिरायला सहसा कुणी अडवत नाही. ट्रायपॉड उघडलात, दिवे लावलेत किंवा काम व्यावसायिक आहे म्हणालात की लेखी परवानगी लागते.

अर्जात "फोटोग्राफीसाठी परवानगी मिळावी" एवढंच लिहू नका. कुठला भाग, किती माणसं, कुठली उपकरणं, कुठल्या तारखा, फोटो कुणाला देणार, हे सगळं लिहा. दोन पर्यायी तारखा द्या आणि दोन्ही पंचांग बघून द्या. मला एकदा एका कार्यालयाने नेमकी भर भरतीची तारीख देऊन वर "तारखेत बदल होणार नाही" असा शेरा मारला होता. तेव्हापासून अर्जासोबत भरतीचं कोष्टक जोडते, आणि वाद संपला. कागदाच्या छापील प्रती जवळ ठेवा. पहारेकऱ्याला मोबाइलवरचा पीडीएफ दाखवून काही होत नाही, त्याला शिक्का बघायचा असतो. किनाऱ्यावरच्या सागरी पोलीस ठाण्यातही आधी कळवून ठेवा. २६/११ नंतर ओसाड बेटावर पिशव्या घेऊन उतरणाऱ्या माणसांकडे कुणी सहज बघत नाही, आणि ते बरोबरच आहे.

ड्रोनचं थोडक्यात. २०२१ चे नियम आल्यापासून आकाशाचे हिरवे, पिवळे, लाल पट्टे नकाशावर बघता येतात. पण पट्टा हिरवा असला म्हणजे स्मारकावर उडवायची मुभा मिळाली असं नाही, ती वेगळी मागावी लागते. समुद्रावरच्या वाऱ्यात छोटं ड्रोन परत येताना बॅटरी पिऊन टाकतं, हा भाग कुठल्याही नियमात लिहिलेला नाही.

आता पद्मदुर्ग, कारण हे काम शिकायला त्याच्यासारखा किल्ला नाही. मुरूडच्या समोर, कासा खडकावर. जंजिऱ्याच्या सिद्दीला शह म्हणून महाराजांनी उभा केला. इथे रसद पोचवणं तेव्हाही सोपं नव्हतं : पद्मदुर्गाला पैसा आणि ऐवज वेळेवर दिला नाही म्हणून सुभेदार जिवाजी विनायकाला महाराजांनी खरमरीत पत्र लिहिलं, १६७५ साली. आज जंजिऱ्यासारखी तिकिटाची होडी इथे जात नाही. मुरूड-एकदऱ्याच्या कोळ्यांशी बोलून होडी ठरवावी लागते, आणि समुद्र बरा नसेल तर ते नाही म्हणतात. नाही म्हटलं की विषय संपला. जास्त पैसे देऊ करून तांडेलाला भरीला घालणारा माणूस मी माझ्या टीममध्ये परत घेत नाही.

पद्मदुर्गाच्या तटाजवळ गेलात की एक विलक्षण गोष्ट दिसते. चिरे झिजून आत गेलेत आणि त्यांच्यामधला चुना तसाच उभा आहे. प्रत्येक चिऱ्याच्या जागी खोलगट वाटी आणि भोवती चुन्याची बोटभर पुढे आलेली चौकट, सगळी भिंत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी. साडेतीनशे वर्षांत दगड हरला आणि चुना टिकला. लोक म्हणतात लाटांनी झिजला. खरं आहे, पण त्यात मिठाचाही वाटा असतो : खारं पाणी दगडात मुरतं, उन्हात वाळतं, आत मिठाचे खडे धरतात आणि दगडाचा पापुद्रा सुटतो.

ही भिंत टिपायची कशी? समोरून ऊन पडलं की ती सपाट दिसते, वाट्या आणि चौकटी एकच होतात. ऊन भिंतीला घासून जाईल ती वेळ पकडायची, म्हणजे चुन्याच्या कडेची सावली वाटीत पडते आणि खोली कळते. कॅमेरा भिंतीला अगदी समांतर, लेव्हलचा बुडबुडा मधोमध. ५० मिमी लेन्स, एफ ८, मापाची पट्टी आणि रंगांचं कार्ड चौकटीत एका कोपऱ्यात. पट्टी भिंतीला चिकटवायची नाही, टेकवायची. चुन्याच्या कडांना हात लावायचा नाही, टेकून उभंही राहायचं नाही. मग त्याच भिंतीचे फोटोग्रामेट्रीसाठी, म्हणजे फोटो जोडून मापं आणि त्रिमितीय आकार काढण्यासाठी, एकमेकांवर सत्तरऐंशी टक्के चढणारे फोटो, डावीकडून उजवीकडे, एक ओळ खाली, एक वर. काम कंटाळवाणं आहे. इथेच अर्धे उमेदवार गळतात, आणि उरलेल्यांना काम मिळतं ते याच कंटाळवाण्या फोटोंमुळे.

काळा दगड आणि मागे चमकणारा समुद्र ही कायमची डोकेदुखी. दगडाकडे बघून उजेड ठेवला तर समुद्र पांढरा फटक, समुद्राकडे बघितलं तर तट कोळसा. दोन-तीन वेगवेगळ्या एक्स्पोजरचे फोटो घ्या, पण नोंदीसाठी दगडच खरा. समुद्र गेला तर जाऊ द्या. दारं मात्र वेगळी असतात. सुवर्णदुर्गाचा दरवाजा पूर्वेकडे, हर्णेच्या बाजूला, बुरजांच्या आड दडवलेला आहे. पायरीवर कोरलेलं कासव आणि भिंतीवरचा मारुती नीट हवे असतील तर सकाळची पहिली होडी धरा. जंजिऱ्याच्या दारातलं, पायांत हत्ती पकडलेल्या शरभाचं (सिंहासारख्या काल्पनिक प्राण्याचं) शिल्प टिपायचं तर गर्दी येण्याआधी. दारात होड्या डुलत असतात आणि प्रत्येक होडीतून तीस माणसं सेल्फी काढत उतरतात.

हंगामाचं गणित सरळ आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यानंतरही नारळी पौर्णिमेशिवाय कुणी होडी काढायचं नाव काढत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात हवा स्वच्छ पण तटावर रान माजलेलं, बांधकाम दिसत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये गवत वाळून भिंती मोकळ्या होतात, तेव्हा हवेत धुरकट थर असतो. मी जवळच्या नोंदींसाठी फेब्रुवारी घेते, लांबच्या दृश्यांसाठी नोव्हेंबर. दिवसाचंही तसंच. सकाळी जमिनीकडून येणारा मतलई वारा असतो, समुद्र गप्प. दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा सुटला की लाटा उठतात, आणि तीच होडी जी सकाळी दाराला अलगद लागली होती ती उतरणाऱ्याला खडकावर आपटते. उघड्या समुद्रातल्या बेटावरून दुपारच्या आत निघायचं.

पायात घट्ट बूट. खडकांवरची कालवं ब्लेडसारखी कापतात, आणि शेवाळावर चप्पल म्हणजे हाड मोडायची तयारी. दक्षिण कोकणात जांभ्याच्या फटींत फुरसं हा विषारी साप असतो, हात घालण्याआधी काठी घाला. पाणी माणशी तीन-चार लिटर, कारण गडावरच्या टाक्यांतलं पाणी असलं तरी पिण्यालायक असेलच असं नाही. लाइफ जॅकेट घालायचं, उशाला घ्यायचं नाही. होडीत लेन्स बदलायची नाही. बदलायची तर बुरजाच्या आत, वाऱ्याच्या आडोशाला. होडीतून फोटो काढताना कॅमेरा काठाला टेकवू नका, इंजिनाची थरथर थेट फोटोत उतरते. कोपर अंगाशी धरा आणि शटर हजाराच्या वर ठेवा.

रात्री परत आल्यावर, जेवणाच्याही आधी, गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने कॅमेरा, लेन्सचं बाहेरचं अंग आणि ट्रायपॉडचे पाय पुसायचे. पायांचे सांधे उघडून. कोरड्या फडक्याने मीठ पुसलं की ते सँडपेपरचं काम करतं. मग सिलिका जेलच्या डब्यात. हे न करणाऱ्यांचे ट्रायपॉड दुसऱ्या मोसमात उघडत नाहीत, पाहून घ्या.

पैशाचं सांगितल्याशिवाय सोडणार नाही. कामं येतात संवर्धन वास्तुविशारदांकडून, संशोधकांकडून, प्रकाशकांकडून, कधी सरकारी आराखडे करणाऱ्या सल्लागारांकडून. पोट फक्त जलदुर्गांवर भरत नाही. मी वर्षातले बरेच महिने शहरातल्या इमारती आणि इंटिरियर टिपते. दर दिवसाचा ठरवा, होडीचा खर्च वेगळा, आणि करारात हवामानाच्या दिवसाचं कलम हवंच : समुद्राने परत पाठवलं तर निम्मे पैसे. हे कलम वाचून नाक मुरडणाऱ्या गिऱ्हाइकाला एकदा समुद्रावर घेऊन जा. फाइलींना किल्ला, तटाची दिशा आणि क्रमांक अशी नावं द्या, सोबत तारीख, तिथी, भरतीची वेळ आणि उभं राहिल्याची जागा लिहिलेला तक्ता. पुढचं काम मला फोटोंपेक्षा या तक्त्यामुळे जास्त वेळा मिळालंय.

सुरुवात कुलाब्यापासून करा. चालत जाता येतं, भरतीचा हिशेब अंगवळणी पडतो आणि चुकलं तरी जीवावर येत नाही. मग जंजिरा, तिकिटाच्या होडीने. मग सुवर्णदुर्ग. एखाद्या तांडेलाशी ओळख झाली, तो आपणहून फोन करून "बाई, उद्या समुद्र चांगला आहे" म्हणायला लागला, की पद्मदुर्ग आणि खांदेरी. उंदेरीवर उतरायला धक्का नाही, खडकावर उडी मारावी लागते. पहिल्या वर्षात तिचं नाव काढू नका.