जीईचा कोर्स बदलून मागताय? या चुका टाळा

जीई म्हणजे जनरल एज्युकेशन, डिग्रीसाठी सगळ्यांनाच सक्तीचे असलेले सर्वसाधारण विषय. त्यातल्या एखाद्या कोर्सऐवजी आधी केलेला दुसरा कोर्स धरावा, असा अर्ज करता येतो. पुतणीचा असा पहिला अर्ज मी वाचला होता. मी मनापासून अभ्यास करते, वेळेत डिग्री हवी आहे, आणखी एका कोर्सची फी झेपणार नाही, असं पाऊण पानभर. उत्तर एका ओळीत आलं: नामंजूर. दुसऱ्या राज्यातून कॅलिफोर्नियातल्या एका सरकारी विद्यापीठात ट्रान्सफर झालेली पोर, वैतागली बिचारी. पण अर्ज वाचणाऱ्याचा प्रश्न एवढाच असतो की तुमच्या जुन्या कोर्समध्ये आमच्या अटीतलं सगळं शिकवलं का? त्याचं उत्तर त्या पाऊण पानात कुठेच नव्हतं.

दुसऱ्यांदा तिने कागद उभा दुभागला. डावीकडे विद्यापीठाच्या कॅटलॉगमधली, म्हणजे कोर्स आणि नियमांच्या पुस्तकातली अट, एकेक वाक्य सुटं करून. उजवीकडे जुन्या सिलॅबसमधला आठवडा, त्यातला विषय, कोणता निबंध किंवा परीक्षा. अर्जाचं काम बहुतेक इथेच होतं. सिलॅबस मात्र ज्या सेमिस्टरला कोर्स केला त्याच सेमिस्टरचा हवा. कॉलेजच्या साइटवरचं चार ओळींचं वर्णन जोडणं ही नेहमीची चूक. सिलॅबस हरवला असेल तर त्या डिपार्टमेंटला मेल टाका, जुने सिलॅबस बऱ्याचदा त्यांच्याकडे असतात.

कोर्सच्या नावावर जाऊ नका. आपली मुलं हमखास फसतात ती एथ्निक स्टडीजमध्ये. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत २०२० च्या कायद्याने हा ३ युनिटांचा (क्रेडिटांचा) विषय सक्तीचा झाला. त्यात चार समूह येतात: नेटिव्ह अमेरिकन, आफ्रिकन अमेरिकन, एशियन अमेरिकन आणि लॅटिनो. भारताच्या इतिहासाचा किंवा दक्षिण आशियाई संस्कृतीचा कोर्स त्याऐवजी चालेल असं वाटतं, पण तो आशियाबद्दलचा झाला, अमेरिकेतल्या आशियाई लोकांबद्दलचा नव्हे. तिथे शिवाजी महाराजांवरचा सुंदर पेपर जोडूनही उपयोग नाही.

अमेरिकन गव्हर्नमेंटचंही तसंच. दुसऱ्या राज्यात केलेल्या कोर्समध्ये अमेरिकेची राज्यघटना असते, कॅलिफोर्नियाचं राज्य आणि स्थानिक सरकार बहुधा नसतं. मग अटीचा तेवढाच तुकडा शिल्लक राहतो. अशा वेळी अख्खा कोर्स बदलून मागत बसू नका, उरलेला तुकडा एखाद्या छोट्या कोर्सने किंवा परीक्षेने भागतो का ते विचारा.

युनिटांचं गणित आधी करा. काही कॉलेजांत सेमिस्टरऐवजी छोटे क्वार्टर असतात; त्या पद्धतीचं १ युनिट म्हणजे सेमिस्टरचं दोन-तृतीयांश. ४ क्वार्टर युनिटांचे होतात २.६७. विषय मान्य झाला तरी डिग्रीच्या १२० युनिटांमधली कसर दुसरीकडून भरावीच लागते. ग्रेडही बघा: लेखन, भाषण, तर्कविचार आणि गणित या चार विषयांत सी-मायनसच्या खाली चालत नाही, सिलॅबस कितीही जुळला तरी.

सूट आणि बदल यांत गल्लत नको. सूट मिळाली की अट जाते, पण युनिट मिळत नाहीत. बदलात तुमचा दुसरा कोर्स त्या जागी बसतो.

आता आई-बाबांसाठी: ऑफिसला फोन करू नका. १९७४ च्या फेर्पा कायद्यानुसार कॉलेजात गेलेल्या मुलाच्या रेकॉर्डवर हक्क मुलाचा, फी कोणीही भरो. मुलाच्या लेखी परवानगीशिवाय ते सहसा तुमच्याशी बोलणार नाहीत. मेलही मुलाच्याच कॉलेजच्या पत्त्यावरून जाऊ द्या.

एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर असाल तर अर्ज मंजूर होणारच असं धरून चालू कोर्स ड्रॉप करू नका. अंडरग्रॅजुएटला सेमिस्टरला १२ युनिट लागतात. तो आकडा खाली जाणार असेल तर आधी इंटरनॅशनल ऑफिसला विचारा.

पुतणीचा दुसरा अर्ज मंजूर झाला. ‘अप्रूव्ह्ड’ असा मेल आला, घरी बासुंदी झाली. दोन महिन्यांनी ग्रॅज्युएशनचा फॉर्म भरताना डिग्री ऑडिट (कोणत्या अटी पूर्ण झाल्या ते दाखवणारी यादी) उघडलं तर त्या अटीची ओळ लालच, म्हणजे अपूर्ण. कमिटीने होकार दिला होता, रजिस्ट्रारकडे नोंद कोणी केलीच नव्हती. तिने तोच मेल जपून ठेवला होता, तो पुढे पाठवला. तिसऱ्या दिवशी ओळ हिरवी.