धावपट्टीलगतची युद्धकालीन इमारत वाचवताना

जुहूचा विमानतळ १९२८ साली सुरू झाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन तेथेच उतरले. दुसऱ्या महायुद्धात सांताक्रूझचा तळ रॉयल एअर फोर्स हे ब्रिटिश हवाई दल वापरत होते. त्या काळातल्या तळांवरच्या बैठ्या, सपाट स्लॅबच्या इमारती युद्धापुरत्या घाईने उभ्या केलेल्या असत, त्यामुळे पुढच्या ऐंशी पावसाळ्यांचा विचार त्यांच्या बांधणीत सापडत नाही.

अशी इमारत हाती घेण्यापूर्वी जमीन कोणाची आहे, हे मालमत्ता पत्रकावरून निश्चित करावे. विमानतळाच्या किंवा संरक्षण खात्याच्या हद्दीत लेखी परवानगीवाचून पाऊल टाकू नये आणि छायाचित्रही काढू नये. वास्तू महापालिकेच्या वारसा यादीत असल्यास मुंबई वारसा संवर्धन समितीची संमती लागते. तीस वर्षांहून जुन्या इमारतीला संरचनात्मक तपासणी मुंबईत तशीही बंधनकारक आहे. मात्र जुन्या बांधकामाची जाण असलेलाच अभियंता शोधावा, कारण इतरांच्या अहवालाचा शेवट बहुधा ‘पाडून टाका’ असाच होतो.

पहिले काम पाणी अडवण्याचे. दसऱ्यानंतर गच्चीवरची माती व पालापाचोळा काढून पन्हळी मोकळ्या कराव्यात, आणि कठड्याच्या कोपऱ्यातले वाटे (स्लॅब आणि कठड्याच्या सांध्यावरचा मसाल्याचा गोलसर उतार) फुटले असतील तर ते नव्याने करून घ्यावेत. भिंतीत रुजलेला पिंपळ उपटू नये, नाहीतर मुळाबरोबर विटाही बाहेर येतात. तो बुंध्याशी कापून मूळ औषधाने मारावे आणि सुकल्यावरच फट भरावी. छपराचे पत्रे जुने सिमेंटचे असतील तर त्यांत ॲस्बेस्टॉस आहे असेच धरून चालावे. ते फोडू, घासू किंवा कापू नयेत. प्रशिक्षित माणसांकडून ओले करून अखंड उतरवावेत आणि घातक कचऱ्याच्या अधिकृत केंद्राकडे पाठवावेत.

खरी कसोटी स्लॅबची. हातोडीने हळू ठोकत गेले की जेथे पोकळ आवाज येतो, तेथे खडूने खूण करावी. स्लॅबखाली आधी टेकू द्यावेत आणि मगच सैल काँक्रीट सळई उघडी पडेपर्यंत काढावे. ताज्या तुटलेल्या पृष्ठभागावर फिनॉल्फ्थॅलीनचे द्रावण फवारल्यास सुस्थितीतले काँक्रीट गडद गुलाबी होते. जो भाग बेरंगच राहतो, त्याची क्षारता (अल्कधर्मी गुण) हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे संपलेली असते आणि तेथल्या सळईला गंजापासून संरक्षण उरलेले नसते. समुद्रकाठी मात्र गुलाबी रंग पाहून निश्चिंत होऊ नये. खाऱ्या वाऱ्यातले क्लोराइड अशा गुलाबी होणाऱ्या काँक्रीटमध्येही सळई कुरतडते, म्हणून त्याची चाचणी प्रयोगशाळेतून वेगळी करून घ्यावी. गंज पूर्ण साफ करून, फार झिजलेल्या सळईला जोडसळई देऊन, गंजरोधक थर लावल्यावरच पॉलिमरयुक्त मसाला भरावा. मूळ कारण तसेच ठेवून वरवर केलेला गिलावा दोन पावसाळ्यांत पुन्हा फुगतो.

विटांच्या भिंतीत सांध्यांतला मूळ मसाला चुन्याचा असेल तर ते सांधे चुन्यानेच भरावेत. सिमेंट विटेपेक्षा कठीण आणि कमी सच्छिद्र असल्याने आतली ओल आणि मीठ विटेतून बाहेर पडू पाहतात, आणि विटेचे पोपडे निघतात. मुरवलेला चुना, सुरखी (भाजलेल्या विटांची पूड) आणि धुतलेली गोड्या पाण्याची वाळू वापरावी. ओले गोणपाट लावून काम सावकाश वाळू द्यावे. मुकादमाची घाई येथे मानू नये.

रंग खरवडण्याची घाई तर मुळीच नको. एका जुन्या खोलीत सँडब्लास्टिंग करून, म्हणजे दाबाने वाळूचा मारा करून, कंत्राटदाराने संपूर्ण भिंत तासाभरात लख्ख केलेली मी पाहिली आहे. दाराच्या आडोशाने वाचलेल्या हातभर तुकड्यावर पांढऱ्या चुन्याखाली हिरवा रंग आणि साच्याने उमटवलेला अर्धा आकडा दिसत होता. उरलेला आकडा धुळीत गेला होता. म्हणून आधी दर भिंतीवर वीतभर चौकोन आखून शस्त्रक्रियेच्या पात्याने एकेक थर उघडावा, प्रत्येक थर मोजपट्टीसह छायाचित्रात टिपावा आणि अक्षरे किंवा आकडे सापडले तर तो भाग काचेआड ठेवून उरलेल्या भिंतीलाच चुन्याचा हात द्यावा.