मोठ्या रॉकेटचे फिन: शेवटची रिंग आधी चिकटवू नका

हौशी रॉकेट मोठं असेल तर फिन, म्हणजे रॉकेट सरळ ठेवणारे शेपटाकडचे पंख, नुसते बाहेरून चिकटवून भागत नाही. फिनच्या खालच्या कडेला जीभ ठेवा, मुख्य नळीला तेवढीच खाच पाडा आणि ती जीभ थेट आतल्या मोटरच्या (रॉकेटच्या इंजिनाच्या) नळीला भिडू द्या. ६ मिमीचं बर्च प्लायवूड या कामाला छान.

खालची सेंटरिंग रिंग (मोटरची नळी मुख्य नळीच्या मधोमध धरणारं कडं) मात्र सगळ्यात शेवटी बसवा. ती उघडी असली की मागून लांब काडी घालून जीभ आणि मोटरची नळी यांच्या कोपऱ्यात इपॉक्सीची (दोन भाग मिसळून लावायच्या गोंदाची) गोलाई देता येते. खरी ताकद तिथली. बाहेरची गोलाई बरीचशी हवेसाठी आणि थोडी दिसण्यासाठी. रॉकेट आडवं ठेवून वर आलेली एकच खोबण भरा, ती धरली की फिरवा. घाई केलीत की ओघळ आलाच! पाच मिनिटांचं इपॉक्सी इथे नको, सावकाश धरणारं घ्या. चिकटवण्याआधी जागा ८० नंबरच्या पॉलिशपेपरने खरखरीत करून स्पिरिटने पुसा.

चार फिन ९० अंशांवर, तीन असतील तर १२० वर. पुठ्ठ्यात खाचा कापून केलेला साचा पुरतो.