वेगवेगळ्या काळातल्या बॉक्सिंग विजेत्यांची तुलना करताय? या चुका टाळा

बॉक्सिंगचा वाद सुरू झाला की पहिल्या पाच मिनिटांतच आकडे बाहेर येतात. रॉकी मार्सियानो ४९-०, फ्लॉइड मेवेदर ५०-०, म्हणजे तितके विजय आणि शून्य पराभव. मग कुणीतरी म्हणतं, "अली तर पाच वेळा हरलाय." इथून पुढे वाद कुठेच पोहोचत नाही. विजेत्याचा वारसा जोखायचा तर त्याची लढत कुणाशी झाली, त्या दिवशी दोघांची अवस्था काय होती आणि नियम कोणते होते, हे बघावंच लागतं. ते न बघितल्यामुळे होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत.

शून्य पराभवांना भुलणं

शुगर रे रॉबिन्सनच्या नावावर १९ पराभव आहेत. नुसता आकडा पाहिला तर तो मेवेदरच्या जवळपासही येत नाही. आता तेच पराभव तारखेप्रमाणे लावा. पहिला १९४३ मध्ये जेक लामोटाकडून, तोही सलग ४० विजयांनंतर. लामोटा त्याच्यापेक्षा बराच वजनदार होता, आणि तीनच आठवड्यांत रॉबिन्सनने त्याला पुन्हा गाठून हरवलं. दुसरा पराभव थेट १९५१ मध्ये, रँडी टर्पिनकडून. दोन महिन्यांत त्याचीही परतफेड झाली. पहिले चार पराभव सोडले तर बाकीचे सगळे पस्तिशी ओलांडल्यानंतरचे आहेत. १९६५ पर्यंत तो लढत राहिला, म्हणून आकडा फुगला. अलीचंही तसंच. १९८० मध्ये लॅरी होम्सकडून आणि १९८१ मध्ये ट्रेव्हर बर्बिककडून हरलेला माणूस १९७४ मध्ये किन्शासात तेव्हाचा जगज्जेता जॉर्ज फोरमनला बाद करणारा अली राहिलेला नव्हता.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. "मार्सियानोने म्हाताऱ्यांना हरवलं" हे वाक्य फार वेळा ऐकू येतं. १९५१ मध्ये त्याने जो लुईला हरवलं तेव्हा लुई ३७ वर्षांचा होता. निवृत्ती घेतलेला हा माणूस कराच्या थकबाकीपायी पुन्हा रिंगमध्ये उतरला होता, त्यामुळे त्या विजयाचं वजन कमीच धरावं. पण पुढच्याच वर्षी मार्सियानोने जर्सी जो वॉलकॉटला हरवलं. वॉलकॉटही १९१४ चाच, उलट लुईपेक्षा काही महिन्यांनी मोठा. तरीही तो त्या दिवशी गादीवरचा जगज्जेता होता. पहिल्याच फेरीत त्याने मार्सियानोला खाली पाडलं आणि बारा फेऱ्यांनंतर पंचांच्या तिन्ही गुणपत्रकांवर तोच पुढे होता. दोघांचं जन्मसाल एक, पण दोन विजयांची किंमत अगदी वेगळी. म्हणून प्रतिस्पर्ध्याचं वय विचारून थांबू नका. त्या लढतीआधीच्या वर्षभरात तो काय करत होता, ते बघा.

मेवेदरच्या बाबतीतही हेच लावा. पन्नासावा विजय कॉनर मॅकग्रेगरवर, ज्याची ती पहिलीच व्यावसायिक बॉक्सिंग लढत होती. मेवेदरचं मोठेपण बघायचं असेल तर २००१ मध्ये पाच वेळा खाली पाडलेला, तोवर अपराजित असलेला दिएगो कोरालेस बघा.

नियम सगळ्या काळात सारखेच होते असं धरणं

पूर्वी जगज्जेतेपदाच्या लढती १५ फेऱ्यांच्या असत. वॉलकॉटच्या त्या लढतीत मार्सियानोचा निर्णायक ठोसा तेराव्या फेरीत बसला. आजच्या १२ फेऱ्यांच्या नियमात ती लढत आधीच संपली असती आणि ४९-० हा आकडा जन्मालाच आला नसता. हे एकच उदाहरण नाही. १९४१ मध्ये बिली कॉन बारा फेऱ्यांनंतर लुईच्या पुढे होता. दोन गुणपत्रकांवर आघाडी, तिसऱ्यावर बरोबरी. तेराव्या फेरीची दोन सेकंदं उरली असताना लुईने त्याला बाद केलं. १९८१ मध्ये शुगर रे लेनर्ड टॉमी हर्न्सच्या मागे होता आणि त्याने चौदाव्या फेरीत लढत संपवली. इतिहासातल्या या तीन मोठ्या विजयांना आजच्या नियमात जागाच नाही.

आता लगेच "म्हणजे कॉनच खरा विजेता" असं म्हणणं ही पुढची चूक. १५ फेऱ्या आहेत हे लुईला माहीत होतं, त्याने दम त्या हिशेबानेच राखला होता. १२ च फेऱ्या असत्या तर तोही वेगळा लढला असता. नियमाने निकाल बदलतो, तसा लढण्याचा वेगही बदलतो.

फेऱ्या का कमी झाल्या हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. नोव्हेंबर १९८२ मध्ये रे मॅन्सिनीविरुद्ध चौदाव्या फेरीत कोसळलेला दक्षिण कोरियाचा डुक कू किम काही दिवसांत वारला. त्यानंतर डब्ल्यूबीसी या जागतिक बॉक्सिंग संघटनेने मर्यादा १२ वर आणली आणि इतर संघटनाही मागोमाग आल्या. जुन्या बॉक्सरना "जास्त दमदार" म्हणताना त्या शेवटच्या तीन फेऱ्यांत शरीरावर काय बेतायचं, हे विसरू नये.

वजनाचंही बघा. पूर्वी लढतीच्याच दिवशी वजन होई. आता ते आदल्या दिवशी होतं आणि रात्रभरात बॉक्सर काही किलो परत चढवून रिंगमध्ये येतो. कागदावरचा वजनगट एकच असला तरी रिंगमधली शरीरं सारखी नसतात.

पट्टे मोजत बसणं

जुन्या काळी आठ वजनगट होते आणि साधारण प्रत्येकात एकच जगज्जेता. आज संघटनेनुसार १७ किंवा १८ गट आणि चार मोठ्या संघटना, म्हणजे एकाच वेळी जगज्जेतेपदाचे जवळपास ७० पट्टे. १९३८ मध्ये हेन्री आर्मस्ट्राँगकडे फेदरवेट, लाइटवेट आणि वेल्टरवेट ही तिन्ही जगज्जेतेपदं एकाच वेळी होती. आठांपैकी तीन! माझ्या मते ही बॉक्सिंगमधली सर्वांत अवघड कामगिरी आहे. मॅनी पॅकियाओने आठ गटांत जेतेपदं मिळवली म्हणून तो आर्मस्ट्राँगच्या वर जात नाही. पण फ्लायवेट या अगदी हलक्या गटापासून सुरुवात करून वेल्टरवेटमध्ये मिगेल कोटोला थांबवणाऱ्याला पट्टे स्वस्त झाले म्हणून खाली ढकलणंही चूकच. आकडा बाजूला ठेवून प्रत्येक गटात त्याने कुणाला हरवलं ते वाचा.

माणूस उचलून दुसऱ्या काळात ठेवणं

"टायसन फ्युरीसमोर मार्सियानो टिकला असता का?" फ्युरी अलीकडच्या काळातला महाकाय हेवीवेट. मार्सियानो जेमतेम ८४ किलोचा, आज तो हेवीवेटमध्ये उतरलाही नसता. या प्रश्नातून उंची आणि वजनापलीकडे काही कळत नाही. खेळायचाच असेल हा खेळ, तर आधी सांगा: नियम कुणाचे, वजन कधी, फेऱ्या किती. वारशाची तुलना मात्र आपापल्या काळात कोण किती वरचढ होता यावरच करा.

ज्यांना संधीच दिली गेली नाही, त्यांना वगळणं

सगळ्यात जास्त अन्याय करणारी चूक ही. १९१५ मध्ये पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट जगज्जेता जॅक जॉन्सन हरल्यावर १९३७ मध्ये लुई जिंकेपर्यंत एकाही कृष्णवर्णीय बॉक्सरला हेवीवेट जगज्जेतेपदासाठी लढू दिलं गेलं नाही. कृष्णवर्णीय हॅरी विल्स वर्षानुवर्षं तेव्हाचा जगज्जेता जॅक डेम्प्सीला आव्हान देत राहिला, लढत झालीच नाही. सॅम लँगफर्डलाही हेवीवेट जगज्जेतेपदाची लढत कधी मिळाली नाही. जगज्जेत्यांच्या यादीवरून क्रम लावला की ही दोन्ही नावं आपोआप गळतात. डेम्प्सीच्या नावापुढे न झालेली विल्सची लढत लिहायलाच हवी.

पण न झालेल्या लढती कुणाच्या विजयातही धरू नयेत. लष्करात भरती व्हायला नकार दिल्यामुळे अलीची १९६७ ते १९७० ही उमेदीची वर्षं बंदीत गेली. त्याने त्यासाठी मोजलेली किंमत त्याच्या वारशाचा मोठा भाग आहे. त्या वर्षांत त्याने कुणाकुणाला हरवलं असतं, याची यादी मात्र त्यात जोडता येत नाही.

फिल्मवर विसंबणं

जुन्या मूकफिल्म चुकीच्या वेगाने चालवल्या की चांगला बॉक्सरही अडखळत धावल्यासारखा दिसतो. हॅरी ग्रेबची तर एकही लढत फिल्मवर उरलेली नाही, आणि पुढे हेवीवेट जगज्जेता झालेल्या जीन टनीला हरवणारा तो एकमेव माणूस. त्याच्यासाठी वर्तमानपत्रांतले जुने वृत्तांत वाचावे लागतात. रॉबिन्सनचीही वेल्टरवेटमधली, म्हणजे ऐन भरातली फिल्म फारच थोडी आहे. आपण पाहतो तो बहुतेक नंतरचा, मिडलवेटमधला, तिशी गाठलेला रॉबिन्सन.