जुन्या स्विफ्टला पिकअप हवाय? पैसे घालवण्याआधी या चुका टाळा

दहा-बारा वर्षांची सेकंडहँड पेट्रोल स्विफ्ट, खिशात तीसेक हजार, आणि डोक्यात एकच गोष्ट: खंबाटकीत मागच्या ट्रकने हॉर्न मारणं थांबवलं पाहिजे. अशा मनःस्थितीत मी पहिली खरेदी केली ती उघड्या, शंकूच्या आकाराच्या लाल 'कोन' एअर फिल्टरची. दिसायला झकास. पाय दाबला की गाडी गुरगुरायची. घाटात मात्र आधीपेक्षा मरगळलेली.

कारण नंतर कळलं. कंपनीचा फिल्टर डब्यात असतो आणि डब्याची सोंड पुढून बाहेरची हवा घेते. उघडा फिल्टर बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो. बाहेर ३० अंश आणि आत ६० असतील, तर हवेची घनता सुमारे ९ टक्क्यांनी घटते, म्हणजे तेवढा ऑक्सिजन कमी. वाढला तो फक्त आवाज, आणि आवाज वाढला की जोर वाढल्यासारखा वाटतो. फ्री-फ्लो सायलेन्सरवाल्यांचा निम्मा धंदा याच भासावर चालतो.

मित्राच्या डिझेलचं गणित आपल्या पेट्रोलला लावू नका

'अमक्याने रिमॅप केलं (म्हणजे इंजिनच्या संगणकातलं सेटिंग बदललं), गाडी उडते आता.' असेल. पण त्याची टर्बो डिझेल आहे; टर्बो म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा. टर्बोचा दाब वाढवला की टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, भरघोस वाढतो (आणि क्लच प्लेटचं आयुष्य त्याच हिशेबाने घटतं, हे तो सांगत नाही). आपल्या १.२ लिटर पेट्रोलला टर्बोच नाही. सुमारे ८५ पीएसच्या (म्हणजे घोड्यांच्या ताकदीच्या) या इंजिनातून रिमॅप करून पाच-सात टक्के निघाले तरी खूप. म्हणजे चार ते सहा घोडे.

आता डिकी उघडा. माझ्या डिकीत काय होतं? एक जुनी बॅटरी, पाण्याचे दोन कॅन, क्रिकेटचं किट, आणि दिवाळीपासून पडलेली फरशीची एक पेटी. चाळीसेक किलोचा ऐवज. गाडीचं स्वतःचं वजन टनापेक्षा थोडं कमीच. वजन आणि ताकदीच्या गुणोत्तरात हे सामान उतरवणं म्हणजे जवळपास अर्ध्याहून जास्त रिमॅप, तोही फुकट.

गेलेली ताकद आधी परत आणा

'दम नाही' म्हणून नवीन पार्ट लावण्याआधी असलेला दम कुठे मुरतोय ते बघा. हे बहुतेक जण करत नाहीत, कारण यात मिरवण्यासारखं काही नाही.

मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ५० च्या वेगाला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा पटकन चढला आणि वेग मागेच राहिला तर क्लच घसरतोय. अशा गाडीवर कितीही खर्च करा, ताकद चाकांपर्यंत पोचणारच नाही.

दुसरी चाचणी: दहा-पंधरा किलोमीटर जमेल तितके कमी ब्रेक लावत चालवून गाडी थांबवा आणि चारही रिमजवळ हात न्या. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम असेल तर तिथला ब्रेक धरून राहतोय. कॅलिपरच्या (ब्रेक पॅड दाबणाऱ्या चिमट्याच्या) पिना गंजल्या की असं होतं. कोकणातल्या, खाऱ्या हवेतल्या गाड्यांना तर हमखास. पिना साफ करून योग्य ग्रीस लावायला मिस्त्रीला तास-दीड तास लागतो.

गाडी मिसिंग करत असेल तर प्लग आणि इग्निशन कॉइल. खाली ठीक पण ठरावीक आरपीएमच्या वर घुसमटत असेल तर एअर फिल्टर, आणि तो स्वच्छ निघाला तर सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तुंबलेला असू शकतो. थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) साफ केलेली नसेल तर तीही करून घ्या. माझ्या गाडीचे प्लग आणि घसरणारा क्लच बदलल्यावर खंबाटकीत तिसरा गिअर टिकला. त्या लाल कोन फिल्टरचं श्रेय शून्य.

टायर आणि ब्रेक: इथे हात आखडू नका

टायरच्या कडेवर चार आकडे असतात. २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. खाचा कितीही उरल्या असल्या तरी आठ वर्षांचं रबर कडक झालेलं असतं. असं रबर पावसाळी वळणावर धरत नाही.

रुंद टायर घालण्याची हौस सगळ्यांनाच, पण व्यास मोजा. २०११ ते २०१७ च्या स्विफ्टच्या खालच्या मॉडेलला १६५/८० आर१४ यायचे (रुंदी मिमीत, कडेची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचात), व्यास साधारण ६२० मिमी. वरच्या मॉडेलचे १८५/६५ आर१५ घातले तर ६२१. अगदी चपखल, वर कंपनीनेच दिलेला साइज. पण कुणी २०५/६५ आर१५ गळ्यात मारले तर व्यास ६४७ होतो: स्पीडोमीटर कमी दाखवणार, गिअर लांबल्यासारखे होऊन पिकअप उलट पडणार, आणि भरल्या गाडीत टायर आतून घासणार.

ब्रेक ऑईल हवेतलं पाणी शोषतं. नव्या डॉट ४ प्रतीच्या ऑईलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो, पाणी मुरल्यावर तो १५५ पर्यंत उतरू शकतो. आंबेनळी घाट उतरताना पेडल मऊ पडतं ते बऱ्याचदा यामुळे. दोन वर्षांनी बदला. या यादीतलं हे सगळ्यात स्वस्त काम.

स्प्रिंग कापून गाडी खाली बसवणं? नाही. एवढंच.

कायद्याचंही लक्षात ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलात बदल होईल असे फेरफार चालत नाहीत. कलम १८२ए खाली प्रत्येक बेकायदा फेरफारामागे मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. विमा कंपनीला न कळवलेला बदल क्लेमच्या वेळी निघाला तर तिथे वेगळीच डोकेदुखी.

माझा कोन फिल्टर सध्या माळ्यावर आहे. ऑनलाइन विकायला टाकलाय, अजून एकही फोन नाही.