क्लस्टरवर पायथनचे जॉब का पडतात? या चुका टाळा

क्लस्टर म्हणजे एकत्र जोडलेल्या अनेक संगणकांचा, म्हणजे नोडांचा, समूह. त्यातल्या लॉगिन नोडवर, म्हणजे आपण आत शिरतो त्या संगणकावर, प्रोग्राम छान चालतो. तोच जॉब म्हणून रांगेत सबमिट केला की मिनिटभरात 'मॉड्यूल नॉट फाउंड' म्हणत पडतो. अशा वेळी पहिला हात जातो पिप इन्स्टॉलकडे (पिप म्हणजे पायथनची पॅकेजेस बसवणारं साधन), आणि तिथेच आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी असा प्रकार होतो. पॅकेज बहुधा बसवलेलंच असतं, जॉब भलत्याच पायथनने चालत असतो. म्हणून जॉब स्क्रिप्टमध्ये मुख्य प्रोग्रामच्या आधी नेमका कोणता पायथन चालतोय आणि तो पॅकेजेस कुठकुठे शोधतोय, हे छापणाऱ्या दोन ओळी घाला. लॉग वाचल्याशिवाय काहीही इन्स्टॉल करू नका.

बहुतेक वेळा पाणी मुरतं ते होम डिरेक्टरीतल्या 'डॉट लोकल' या लपलेल्या फोल्डरात. क्लस्टरच्या सामायिक पायथनमध्ये लिहायची परवानगी आपल्याला नसते. मग पिप जेमतेम एका ओळीची सूचना देऊन पॅकेज या फोल्डरात टाकतो. पायथन ३.११ ची सगळी पॅकेजेस तिथे एकाच जागी साठतात आणि ३.११ वर चालणाऱ्या तुमच्या प्रत्येक कोंडा एन्व्हायर्नमेंटला (कोंडा या साधनाने बांधलेल्या पॅकेजेसच्या स्वतंत्र संचाला) ती दिसतात. नुसती दिसत नाहीत, एन्व्हायर्नमेंटमधल्या पॅकेजच्या आधी उचलली जातात! जून २०२४ मध्ये नमपाय या आकडेमोडीच्या पॅकेजचं २.० आलं, तेव्हा जुन्या १.x वर कंपाइल झालेली बरीच पॅकेजेस मोडली. माझ्या एन्व्हायर्नमेंटमध्ये १.२६ होतं, पण डॉट लोकलमध्ये कधीतरी घाईत टाकलेलं २.० बसलं होतं. एन्व्हायर्नमेंट तीनदा पुसून नव्याने बांधलं, तरी एरर तीच. उपाय अगदी साधा निघाला: जॉब स्क्रिप्टमध्ये 'पायथननोयुजरसाइट' या व्हेरिएबलला १ ही किंमत द्यायची. साधं व्हेन्व्ह (पायथनचं स्वतःचं एन्व्हायर्नमेंट) वापरत असाल तर हा त्रास नाही, ते डॉट लोकलकडे मुळात बघतच नाही.

स्लर्मची, म्हणजे क्लस्टरवर जॉब वाटून देणाऱ्या प्रोग्रामची, एक सवय ठाऊक असू द्या. जॉब सबमिट करताना तुमच्या शेलमध्ये जे काही लोड केलेलं असतं, ते जॉबबरोबर आपोआप जातं. त्यामुळे तुमच्याकडे चालणारी स्क्रिप्ट सहकाऱ्याकडे पडते, आणि उद्या नव्या टर्मिनलमधून तुमच्याकडेही पडेल. स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच मॉड्यूल पर्ज करा (मॉड्यूल म्हणजे इथे क्लस्टरवरचं लोड करून वापरायचं सॉफ्टवेअर; पर्जने आधीची सगळी उतरतात), मग हवं ते मॉड्यूल आवृत्तीसकट लोड करा, मग एन्व्हायर्नमेंट ॲक्टिव्हेट करा. व्हेन्व्ह ज्या पायथन मॉड्यूलवर बांधलं, तेच लोड व्हायला हवं. आणि व्हेन्व्हचं फोल्डर दुसरीकडे हलवू नका, त्यात पूर्ण पाथ लिहिलेले असतात.

जॉबच्या आत पिप इन्स्टॉल? नकोच. जिथे जॉब चालतो त्या कॉम्प्युट नोडला अनेक ठिकाणी इंटरनेटच नसतं. असलं तरी ॲरे जॉबचे (एकच स्क्रिप्ट अनेकदा चालवणाऱ्या जॉबचे) २०० टास्क एकाच फोल्डरात एकदम लिहू लागले की अर्धवट पॅकेजेसचा खच पडतो. एकदाच इन्स्टॉल करा आणि पिप फ्रीझने आवृत्त्या फाइलमध्ये उतरवून ठेवा.

'डिस्क कोटा एक्सीडेड' आला आणि जागा तर शिल्लक दिसते? मग फाइलींची संख्या तपासा, मर्यादा तिलाही असू शकते. एका भरगच्च कोंडा एन्व्हायर्नमेंटमध्ये हजारो बारीक फाइली असतात, आणि लस्टरसारख्या, क्लस्टरभर सामायिक असलेल्या फाइल सिस्टिमला नेमक्या त्याच जड जातात. शेकडो टास्क एकदम इम्पोर्ट करू लागले की इतरांचंही काम रेंगाळतं. मला यावर ॲपटेनर हे कंटेनर बांधणारं साधन पटतं (२०२१ पर्यंत याचंच नाव सिंग्युलॅरिटी होतं), कारण सगळं एन्व्हायर्नमेंट एका फाइलीत मावतं.

'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' दिसलं, तर पॅकेज नव्या सीपीयूच्या नोडवर कंपाइल झालंय आणि जुन्यावर चालतंय. ज्या नोडवर जॉब चालणार, तिथेच ते बांधा.

एमपीआयची, म्हणजे अनेक प्रोसेसना एकमेकींशी बोलू देणाऱ्या व्यवस्थेची, गंमत वेगळी. चार प्रोसेस सुरू केल्या आणि चौघीही 'मी शून्य क्रमांकाची, दुसरं कुणी नाही' असं छापत असतील, तर एमपीआयफॉरपाय हे तिचं पायथन पॅकेज भलत्याच एमपीआयशी जोडलं गेलंय. ते काढून टाका, क्लस्टरचं एमपीआय मॉड्यूल लोड करा आणि पिपला तयार व्हील (आधीच बांधलेलं पॅकेज) न घेता सोर्समधून बांधायला लावा. पिपची कॅशही वगळायला सांगा, नाहीतर आधी बांधलेलं जुनंच व्हील पुन्हा बसतं.